स्मृतिभ्रंशाच्या अंतिम टप्प्यातील हॉस्पिस सेवा

स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) रुग्ण अंथरुणाला खिळला, बोलणे पाच-सहा शब्दांवर आले, घरची माणसे ओळखू येईनाशी झाली की आयुष्य वाढवण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी जी सेवा दिली जाते, ती हॉस्पिस. भारतात हॉस्पिसची सुरुवात मुंबईच्या शांती अवेदना सदनाने १९८६ मध्ये केली, ती कर्करुग्णांसाठी. डिमेन्शियाचा शेवट तसा हेरता येत नाही. हॉस्पिस कधी सुरू करायची हे ठरवायला आधाराशिवाय चालता न येणे, वर्षभरात न्यूमोनिया किंवा खोल शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) होणे, सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणे या अमेरिकी निकषांचा आधार घेतात. पण त्रास दिसू लागताच सेवा सुरू करावी, निकष पुरे होण्याची वाट पाहू नये.

कोल्हापुरात ही सेवा बहुधा घरातच होते. सून, लेक किंवा पगारी मावशी ती करतात. पेठांतल्या जुन्या घरांचे लाकडी जिने अरुंद असतात. रुग्णाची खाट पाय चालत असतानाच खालच्या सोप्यात आणावी. नंतर चार माणसे लागतात.

सर्वांत मोठा पेच खाण्याचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात शुश्रूषागृहांतील ३२३ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना १८ महिन्यांत खाण्याची अडचण आली. गिळणे मंदावते, घास गालात साठतो, पाणी श्वासनलिकेत उतरते. पाणी, चहा, पांढरा रस्सा असे पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचे. नाचणीची दाट आंबील, मऊ खिमट, घट्ट दही सोपे जाते. रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, अर्धा चमचा भरवून गिळल्याची खात्री करावी, मगच पुढचा. नंतर अर्धा तास आडवे करू नये. खोकला आला, आवाज घुरघुरला किंवा गुंगी दिसली की थांबावे. “उपाशी कसे ठेवायचे?” म्हणत नातेवाईक नाकातून नळी मागतात. नळीने आयुष्य वाढल्याचा किंवा न्यूमोनिया टळल्याचा पुरावा नाही. उलट रुग्ण ती उपसतो म्हणून हात बांधावे लागतात. शरीर मिटत आले की भूक जाते. न जेवल्याने मरण येत नाही, मरण जवळ आल्याने जेवण सुटते. शेवटच्या दिवसांत सलाईनचाही हट्ट नको, सूज आणि छातीतला कफ वाढतो.

दुखते हे रुग्ण सांगत नाही. कण्हणे, कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना हात झटकणे, जवळ घेऊनही शांत न होणे ही खूण. आधी मलावरोध व तुंबलेली लघवी तपासावी, मगच झोपेच्या गोळीचा विचार. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचे औषध) लागले तर अमली पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांतून ते मिळवणे सोपे झाले आहे. सोबत रेचक हवेच.

शय्याव्रण टाळायला दर दोन तासांनी कूस बदलावी, अंग ३० अंश कलते ठेवावे, टाचा उशीने अधांतरी ठेवाव्यात. लाल डाग चोळू नये आणि मधे भोक असलेली गोल उशी वापरू नये. दोन्हींनी जखम खोल जाते. हवेची गादी विजेवर चालते, लाईट गेली की ती बसते.

ताप आला तर दवाखान्यात न्यायचे की नाही, हे घरच्यांनी आधीच ठरवावे; रात्री दोनला ते ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सोपे केलेले आगाऊ वैद्यकीय निर्देश (शेवटी कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवणे) रुग्णाने समज शाबूत असतानाच, दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करायचे असतात. शेवटच्या तासांतील घशातली घरघर कुशीवर वळवल्याने कमी होते. गंगाजल तोंडात ओतू नये, बोटाने ओठांना लावावे. घरी मृत्यू झाल्यास दाखल्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र नेहमीचा डॉक्टर देतो, म्हणून त्याला आधीच कल्पना दिलेली असावी.