अनेक मेंदूंचे स्कॅन, एकत्र विश्लेषण

रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूचं काम टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात माणूस नुसता पडून असला, तरी त्याच्या मेंदूतले एकमेकांपासून दूर असलेले भाग एकाच लयीत चढत-उतरत असतात. अशा भागांची जाळी हुडकायला ‘स्वतंत्र घटक विश्लेषण’ म्हणजे आयसीए वापरतात. कुठे बघायचं हे त्याला सांगावं लागत नाही. दर घटकामागे ते मेंदूचा एक नकाशा आणि त्या नकाशाचा काळानुसार आलेख देतं.

अडचण येते ती अनेकांचे स्कॅन हाताशी असताना. आयसीएच्या घटकांना ठरावीक क्रम नसतो, अधिक-उणे चिन्हही ठरलेलं नसतं. एकाचा सातवा घटक दुसऱ्याकडे पंधरावा निघतो, तिसऱ्याकडे त्याचे दोन तुकडे होतात. नजरेनं जोड्या जुळवल्या की संशोधकाच्या अपेक्षा त्यात शिरतात. व्हिन्स कॅल्हून आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये यावर मार्ग मांडला: सगळ्यांची माहिती आधी जोडायची, मग आयसीए एकदाच चालवायचं.

समजा 30 जण आहेत आणि दर 2 सेकंदांना एक अशी प्रत्येकाची 200 चित्रं आहेत. हालचालीची दुरुस्ती करून सगळे मेंदू एकाच प्रमाण साच्यात बसवायचे. इथे कसूर राहिली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण एकाच जागचा व्हॉक्सेल, म्हणजे चित्रातला छोटा घन ठोकळा, सगळ्यांमध्ये मेंदूचा तोच भाग दाखवतो, हे इथे गृहीत धरलेलं असतं. मग मुख्य घटक विश्लेषणानं, म्हणजे महत्त्वाचा भाग राखून माहिती आटवणाऱ्या पद्धतीनं, प्रत्येकाची 200 चित्रं, समजा, 50 वर आणायची, ती एकापुढे एक जोडून 1500 करायची आणि पुन्हा आटवून 25 वर आणायची. त्यावर आयसीए.

ही 25 कुठून आली? हा निर्णय आपलाच. 20 च्या आसपास ठेवले तर मोठी जाळी अखंड मिळतात. 70 घेतले तर ‘डिफॉल्ट मोड’ जाळ्याचे (माणूस स्वस्थ असताना जास्त सक्रिय असणारं जाळं) पुढचा आणि मागचा असे भाग सुटे होऊ शकतात. शिवाय गणिताची सुरुवात यादृच्छिक असल्यानं निकाल दर वेळी थोडा बदलतो, म्हणून ते अनेकदा चालवून टिकणारेच घटक धरावेत. मेंदूच्या कडेनं कडं दिसलं तर ती बहुधा डोक्याची हालचाल. द्रवाच्या पोकळ्यांवर बसलेले किंवा आलेखात जलद चढउतार असलेले घटकही संशयास्पद.

इथवर मिळतात ते सगळ्या गटाचे नकाशे. त्यांतून एकेका व्यक्तीचा नकाशा परत मिळवायला बरेच जण ‘ड्युअल रिग्रेशन’ वापरतात. आधी गटाचे नकाशे त्या व्यक्तीच्या मूळ माहितीवर बसवून तिचे आलेख काढायचे, मग त्या आलेखांवरून तिचे नकाशे. वरचे संशयास्पद, म्हणजे गोंगाटाचे घटक आधीच गाळून टाकण्याची चूक इथे फार होते. ते गणितात राहिले तरच हालचालीचा वाटा स्वतःकडे ओढून घेतात. गाळले तर तो खऱ्या जाळ्यांत मिसळतो. गाळायचे ते शेवटच्या तुलनेत.

त्या तुलनेत 10 जाळी तपासली असतील तर व्हॉक्सेलांसोबत या 10 चीही सांख्यिकी दुरुस्ती हवी, नाहीतर इतक्या चाचण्यांत काही निकाल निव्वळ योगायोगानं खरे वाटतात. आणि 50 निरोगी व 15 रुग्ण एकत्र जोडले तर नकाशे निरोगींकडे झुकतात. अशा वेळी नकाशे काढताना दोन्हीकडून सारखेच जण घ्यावेत किंवा वेगळ्याच लोकांवर बनवलेले नकाशे वापरावेत.