लिंबूटिंबूंचं रग्बी

आमच्या वाड्यातल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ असायचं. एक टप्पा पडलेला चेंडू एका हातात झेलला की फलंदाज बाद. नियमाचं कारण साधं होतं, जागा बोळाएवढी आणि समोर काकूंच्या खिडकीच्या काचा. पण त्याचा परिणाम असा, की आम्ही सगळे चेंडू पायाशी दाबून, जमिनीलगत खेळायला शिकलो. ‘कोपर वर, बॅट सरळ’ असं कुणी एकदाही सांगितलं नव्हतं. आणि कुणाचं धाकटं भावंड हट्ट करून आलंच तर ते ‘लिंबूटिंबू’: पहिल्या चेंडूवर आउट नाही, त्याला बोलिंग हळू.

न सांगता, नुसत्या नियमांतून शिकवायचं हेच काम इंग्लंडमध्ये रग्बीची संघटना पद्धतशीरपणे करते, सात वर्षांखालच्या मुलांपासून.

ज्यांनी रग्बी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला पंधरा खेळाडू, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, तो घेऊन पळायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. विरोधक तुम्हाला कवेत घेऊन पाडणार, म्हणजे टॅकल करणार. गोम पुढेच आहे. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. पास आडवा किंवा मागेच द्यायचा. पुढे जायचं असेल तर मागे फेका, हे मोठ्या माणसालाही पटकन पचत नाही.

आता मोठ्यांचा हा खेळ जसाच्या तसा आठ वर्षांच्या तीस मुलांना द्या. काय होईल ते सांगायला तज्ज्ञ नको. वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा चेंडू घेऊन सरळ धावत सुटेल, तिघेजण त्याच्या शर्टाला लोंबकळत फरफटत जातील, आणि कडेला उभी राहिलेली पोरं गवत उपटत बसतील. चेंडू एक, हात साठ. दांडगा मुलगा यातून काय शिकतो? की पास द्यायची गरज नाही. बारीक मुलगा काय शिकतो? की हा आपला खेळ नाही. दोघांचंही शिक्षण चुकलेलं.

म्हणून इंग्लंडच्या रचनेत सात वर्षांखालचे चार-चारच्या संघांत खेळतात, आठखालचे सहा-सहाच्या. मग सात, आठ, नऊ असं करत बाराखाली बारा, तेराखाली तेरा, आणि चौदाखाली आल्यावर पूर्ण पंधरा. चेंडूही वाढत जातो. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा. तो लहान पंज्यात मावत नाही, म्हणून मूल तो छातीशी कवटाळतं. आणि कवटाळलेला चेंडू पास करता येत नाही. नऊखालच्यांना तीन नंबरचा, म्हणजे लहान चेंडू दिला की तो दोन्ही हातांत, बोटांवर येतो आणि नजर मोकळी होते. टेनिसवाल्यांनीही हे ओळखलं. २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंद झाला. त्याऐवजी लाल, केशरी आणि हिरवे चेंडू आले, कमी उसळणारे आणि हवेत रेंगाळणारे.

पण खरी गंमत टॅगमध्ये आहे. सर्वांत लहान दोन गटांत टॅकल नाहीच. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने लावलेली एकेक फीत. चेंडू घेऊन धावणाऱ्या मुलीची फीत विरोधकाने ओढली, चर्र असा आवाज आला, त्याने हात उंचावून ‘टॅग!’ अशी आरोळी ठोकली, की तिला तीन सेकंदांच्या आत चेंडू पास करायचा. त्याने फीत परत तिच्या हातात द्यायची आणि तिने ती पट्ट्याला लावूनच पुन्हा खेळात यायचं. ओढणाऱ्याचा हात झटकायला मनाई. अंगावर धडकायला मनाई. चेंडूला लाथ मारायलाही मनाई.

या तीन सेकंदांत काय काय घडतं ते पाहा. दांडगेपणाचा उपयोग संपला, कारण फीत ओढायला ताकद लागत नाही. आपण पकडले जाणार आणि मग पास द्यावाच लागणार, हे मुलीला ठाऊक आहे; म्हणून पकडलं जाण्याआधीच ती मागे कोण आहे ते बघू लागते. चेंडू नसलेल्यांनाही आता काम आहे: तिच्या जरा मागे, हाताच्या टप्प्यात धावत राहायचं. ‘आधार द्या, मागे राहा’ हे शिक्षकाने मैदानाबाहेरून घसा फोडून सांगायचं, ते एका फितीने सांगून टाकलं. बचाव करणाऱ्याची नजर तर आपोआप कमरेवर जाते. डोळे आणि खांदे हुलकावणी देतात. कंबर सहसा देत नाही, शरीर शेवटी तिच्याच मागे जातं. कबड्डीत चांगला पकड करणारा चढाईपटूच्या तोंडाकडे बघत नाही, त्यातलंच हे.

कार्ल न्यूएल या अभ्यासकाने १९८६ साली हा विचार नीट मांडला. हालचाल मेंदूत आधीच लिहिलेली नसते. खेळणाऱ्याचं शरीर, भोवतालचं वातावरण आणि नेमून दिलेलं काम या तिन्हींच्या बंधनांतून ती घडते. मुलाची उंची आपल्या हातात नाही, पाऊसही नाही. कामाची बंधनं मात्र हातात आहेत, आणि खेळात काम ठरवतात ते नियम. त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात, मॉस्कोत निकोलाय बर्नश्टाइन हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपत होता. त्याला आढळलं, की घाव नेमका त्याच जागी बसतो, पण तिथवर पोचायची हाताची वाट दर वेळी थोडी वेगळी असते. कसब म्हणजे एकच हालचाल घोटणं नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणं. शंकूंच्या रांगेत उभं राहून शंभर पास देणारं मूल हालचाल घोटतं. चार विरुद्ध चारमध्ये दहा पास देणारं मूल प्रश्न सोडवतं, आणि मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

अर्थात नियम नको तेही शिकवतो. फीत ओढायची सवय लागलेलं मूल दोन पावलं लांबूनच हात पुढे करतं, कंबरेत वाकतं, मान खाली घालतं. टॅकलमध्ये नेमकं याच्या उलट हवं: पाय जवळ, पाठ सरळ, नजर वर, खांदा आत, आणि डोकं धावणाऱ्याच्या बाजूला किंवा मागे. कुस्तीत पट काढताना डोकं कुठे ठेवायचं हे जसं आधी शिकवतात, तसं. डोकं समोर राहिलं तर गुडघा कपाळात.

त्यामुळे टॅकल कधी सुरू करायचं, यावर खरी भांडणं आहेत. इंग्लंडमध्ये ते नऊखालच्या गटात येतं. २०१६मध्ये सत्तरहून अधिक डॉक्टर आणि अभ्यासकांनी खुलं पत्र लिहून शाळांमधल्या रग्बीतून टॅकल काढून टाकण्याची मागणी केली. उलट बाजू म्हणते, की उशिरा शिकवाल तर पोरं पहिल्यांदा पडतील ती साठ किलोच्या मुलाच्या धडकेखाली. मुलग्यांमध्ये उंचीची झपाट्याने वाढ सरासरी चौदाच्या आसपास होते, कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची नंतर. तेराच्या गटात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो.

या वादातला सर्वांत चांगला पुरावा रग्बीतला नाही, कॅनडातल्या आइस हॉकीतला आहे. तिथे अकरा-बारा वर्षांच्या गटात अल्बर्टा प्रांतात अंगाने धडक द्यायला परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अल्बर्टातल्या मुलांना सामन्यात दुखापत होण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं, मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांचंही. २०१३पासून कॅनडाने त्या वयात धडक बंद केली. पण त्याच संशोधकांनी पुढच्या वयोगटाकडे पाहिलं तेव्हा लवकर धडक शिकलेल्यांमध्ये आठवड्याहून जास्त काळ घरी बसवणाऱ्या दुखापती काहीशा कमी दिसल्या. म्हणजे ‘उशिरा शिकणारा जास्त लागून घेतो’ यात थोडं तथ्य आहे. मात्र लहानपणी तिप्पट लागून घेण्याची किंमत त्याने भरून निघत नाही, असं माझं मत.

टॅकल आल्यावरही बाकीचं एकदम येत नाही. पडलेल्या चेंडूवरची झटापट आधी एकास एक, मग दोघांस दोघे. दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा भिडवायचा स्क्रम सुरू होतो तिघा-तिघांचा, तोही रेटारेटीशिवाय. आणि स्क्रमवरचं बंधन पूर्णपणे सुटत नाही ते नाहीच: आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात, सोळा दणकट तरुण एकमेकांना भिडलेले असताना, कुठल्याही संघाने दीड मीटरपेक्षा पुढे रेटायचं नसतं. रेटलंच तर पंच शिट्टी वाजवतात आणि चेंडू समोरच्यांना देतात.