लिथियम-आयन बॅटरीचा चार्जिंग प्रवाह : मर्यादा कशी ठरत गेली

बॅटरी किती अँपिअरने चार्ज करावी, हा प्रश्न निकेल-कॅडमियम सेलच्या काळात फारसा अवघड नव्हता. क्षमतेच्या (अँपिअर-तासांतील आकड्याच्या) एक दशांश प्रवाह ठेवून सेल 14 ते 16 तास लावून ठेवला की काम भागत असे, आणि चार्जिंग थोडे लांबले तरी जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाई. लिथियमच्या सेलमध्ये अशी सहनशीलता नाही.

1970 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेल कंपनीत पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल विकसित केला. अशा सेलमध्ये ऋणाग्र लिथियम धातूचे असे, आणि चार्जिंगच्या वेळी हा धातू सपाट न बसता तंतूंच्या रूपात वाढे. तंतू मधला पडदा भेदून पलीकडे पोहोचला की आतल्या आत शॉर्टसर्किट होई. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातूच्या सेलना आग लागल्याने 1989 मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. तोवर अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये धातूऐवजी कार्बनचे ऋणाग्र आणि जॉन गुडइनफ यांच्या गटाने सुचवलेले कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र यांची जोडी जमवली होती; तिच्याच वाटेने सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला.

धातू गेला, तरी धोका संपला नाही, आणि प्रवाहाच्या मर्यादेचे मूळ नेमके येथेच आहे. ऋणाग्राचा कार्बन सहसा ग्रॅफाइट असतो, आणि चार्ज झालेल्या ग्रॅफाइटचे विभव लिथियम धातूपेक्षा जेमतेम 0.1 व्होल्टने वर असते, म्हणजे लिथियम पुन्हा धातू व्हायला फारसे अंतर उरत नाही. ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला लिथियमच्या आयनांना (भारित कणांना) वेळ लागतो. ते शिरू शकतात त्याहून वेगाने येऊ लागले, तर पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. थंडीत हा शिरकाव आणखी मंदावतो, म्हणून 0 अंश सेल्सिअसखाली सामान्य सेल चार्ज न करण्याची ताकीद असते. सेल भरत आला की रिकाम्या जागाही कमी उरतात. त्यामुळे आधी स्थिर प्रवाह आणि बहुधा 4.2 व्होल्ट गाठल्यावर स्थिर व्होल्टेज, ही पद्धत रूढ झाली.

2006 मध्ये लॅपटॉपच्या लाखो बॅटऱ्या परत मागवल्या गेल्या. त्यामागचे कारण सेलमध्ये राहिलेले धातूचे कण हे होते, प्रवाह नव्हे. तरीही पुढच्याच वर्षी जपानमध्ये तापमानानुसार प्रवाह व व्होल्टेज कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. माझ्या मते ते फार मोलाचे पाऊल होते, कारण तेव्हापासून मर्यादा एका आकड्याची न राहता परिस्थितीची झाली.

आजही जास्त ऊर्जा साठवण्यासाठी बनवलेल्या अनेक सेलच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास प्रवाह सुचवलेला आढळतो, 2.5 अँपिअर-तासाच्या सेलला तो 1.25 अँपिअर होतो. चार सेल समांतर जोडले तर 5 अँपिअर. एकसर जोडणीने मात्र हा आकडा वाढत नाही, फक्त व्होल्टेज वाढते. हा गुणाकार सगळे सेल सारखे असतील तरच खरा मानावा. पॅक जुना झाला की सेलचे अंतर्गत रोध वेगवेगळे होतात, कमी रोधाचा सेल आपल्या वाट्यापेक्षा जास्त प्रवाह ओढतो, आणि पॅकचा एकूण आकडा मर्यादेत दिसत असतानाच त्या एका सेलमध्ये धातू साचू लागू शकतो.