इस्तंबूलची फायनल, भारनियमन आणि रेषा सोडलेला गोली : पार्श्वभूमी

मे महिना संपत आला की भुसावळ-जळगावकडच्या लिव्हरपूलवाल्यांत, म्हणजे त्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांत, २५ मे २००५चा विषय निघतोच. लग्नाच्या पंगतीत निघतो, कोणी पुण्याहून सुट्टीला आला की शेवभाजीच्या ढाब्यावर निघतो. इस्तंबूल, युरोपियन कपाची (म्हणजे चॅम्पियन्स लीगची) फायनल, समोर इटलीचं मिलान, मध्यंतराला ०-३, मग सहा मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टींचं शूटआउट आणि कप लिव्हरपूलचा. सामना कसा झाला हे इथं पुन्हा सांगत बसत नाही. ज्यांना या गप्पांत रस आहे त्यांना खेळाडूंची नावं आणि गोलांची मिनिटं तोंडपाठ आहेत. पण दरवर्षी तेच दोन-तीन वाद उकरले जातात आणि नव्या पोरांना त्यांचं मूळ माहीत नसतं, म्हणून हे टिपण.

खान्देशात फुटबॉल रेल्वेबरोबर आला, असं सरसकट सांगितलं जातं. भुसावळला १८६०च्या दशकात लोहमार्ग पोचला, जंक्शन झालं, लोको शेड आली, अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती वाढली आणि रेल्वेच्या मैदानावर चेंडू फिरू लागला. ते खरंच आहे, पण त्या फुटबॉलशी आजच्या लाल जर्सीवाल्यांचं नातं जोडायचं तर बरीच ओढाताण करावी लागते. आजची मंडळी केबलची लेकरं. इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला लागायचा, म्हणजे घरातली मालिका आणि जेवण यांच्यामधली भांडणाची वेळ. २००१मध्ये संघानं एकाच मोसमात तीन कप उचलले, त्यातली युरोपातली फायनल ५-४ अशी सुटली, आणि आमच्याकडचे बरेच जण त्या वर्षी लाल झाले. १९७७, १९७८, १९८१ आणि १९८४चे चार युरोपियन कप त्यांच्या दृष्टीनं ऐकीव इतिहास होता.

इस्तंबूलच्या आधी ८ डिसेंबर २००४ येतो, आणि तो सांगितल्याशिवाय इस्तंबूलची गोष्ट अर्धीच राहते. त्याच स्पर्धेतला गटातला शेवटचा सामना ग्रीसच्या ऑलिंपियाकोसशी होता. पुढं जायचं तर १-०नं किंवा किमान दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं, आणि मध्यंतराला संघ ०-१नं मागं होता. दुसऱ्या डावात तीन गोल झाले, त्यातला शेवटचा ८६व्या मिनिटाला कर्णधाराचा, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मारलेला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि डिसेंबरातली खान्देशी थंडी होती. फार थोड्यांनी तो लाइव्ह पाहिला. पण मे महिन्यात ०-३ झाल्यावर जे चार-दोन जण टीव्हीसमोरून उठले नाहीत, ते बहुतेक याच थोड्यांपैकी होते, असं जुने लोक सांगतात. मला ते पटतं.

आता त्या रात्रीची इथली परिस्थिती. सामना आपल्या घड्याळाप्रमाणे २६ मेच्या रात्री सव्वाबाराला सुरू झाला आणि पहाटे तीनच्या सुमाराला संपला. पहिला गोल पहिल्याच मिनिटात खाल्ला. मध्यंतर एकच्या आसपास. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दिवसा पारा ४४-४५च्या घरात, गच्चीवर गाद्या टाकून अख्खी गल्ली झोपलेली. आणि २००५चा उन्हाळा म्हणजे भारनियमनाचा. राज्यात मागणी आणि निर्मिती यांचा मेळ बसत नव्हता, आणि शहर जितकं लहान तितके लाईट नसण्याचे तास जास्त. वीज तयार होते उशाशी, दीपनगरला, आणि अंधार मात्र भुसावळात, ही तेव्हाची रोजची कुरकुर.

त्यात केबलची भानगड वेगळी होती. केबलचा सिग्नल खांबाखांबावरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून पुढं सरकायचा आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरला त्या-त्या गल्लीतलीच लाईट लागायची. म्हणजे आपल्या घरी पंखा फिरतोय, टीव्ही चालू आहे, पण वाटेतल्या एखाद्या भागाची पाळी आली की पडद्यावर मुंग्या. इन्व्हर्टरवाल्यांची मिजास तिथंच उतरायची. त्यामुळे एकाच शहरात एका भागानं ०-३ पाहिलं आणि पुढचं काहीच नाही, दुसऱ्या भागानं लाईट आल्यावर टीव्ही लावला तर थेट ३-३. नेमकी ती सहा मिनिटं, ५४ ते ६०, किती जणांनी खरंच पाहिली हा प्रश्न विचारला की मंडळी चिडतात. ‘आते काय ऱ्हायनं भो,’ म्हणत मध्यंतराला झोपून गेलेलेसुद्धा आज दुसरा गोल कोणत्या पायानं मारला ते सांगतात.

यात खोटेपणा आहे असं मी म्हणणार नाही. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला तो एप्रिल २००५मध्ये, म्हणजे तेव्हा सकाळी उठून मोबाइलवर हायलाइट्स बघायची सोय नव्हती. जिल्ह्याच्या आवृत्त्या पहाटे तीनपर्यंत छापून निघालेल्या, त्यामुळे २६ तारखेच्या सकाळच्या पेपरात निकाल येणं शक्य नव्हतं. बातमी पसरली ती एसएमएसनं आणि चहाच्या टपरीवर. नंतर सायबर कॅफेतून उतरवलेली क्लिप सीडीवर आली, ती हातोहात फिरली, पुढं पेनड्राइव्ह आले. पाहिलेलं, ऐकलेलं आणि नंतर वीसदा रिवाइंड केलेलं या सगळ्याचं आता एकजीव भरीत झालं आहे. कोणतं वांगं कोणाच्या शेतातलं हे शोधायला जाऊ नये.

पण ज्या गोष्टीवर आजही आवाज चढतो ती म्हणजे गोलीची, म्हणजे गोलकीपरची, रेषा. मिलानवाले इथं थोडे आहेत, पण आहेत, आणि मँचेस्टरवाले त्यांना हवा द्यायला कायम हजर. त्यांचा मुद्दा असा की शूटआउटमध्ये आमच्या पोलिश गोलीनं दोन पेनल्टी अडवल्या, मिलानची दुसरी आणि पाचवी, आणि दोन्ही वेळा चेंडूला पाय लागायच्या आधीच तो रेषा सोडून पुढं आला होता. पंचांनी दोन्ही किक पुन्हा घ्यायला लावायला हव्या होत्या. मिलानची पहिली किक बारवरून गेली, तिच्याबद्दल वाद नाही. दुसऱ्या किकचं चित्र थांबवून पाहिलं तर गोली पुढं आलेला दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तेव्हाचा नियम काय होता? किक मारली जाईपर्यंत गोलीनं दोन खांबांच्या मध्ये, गोलरेषेवर, मारणाऱ्याकडे तोंड करून थांबायचं. १९९७पर्यंत तर पायही हलवायला बंदी होती. त्या वर्षीच्या बदलानं रेषेवरच डावी-उजवीकडे सरकायची मुभा मिळाली. पुढं यायची मुभा मात्र तेव्हाही मिळाली नाही. गोली पुढं आला आणि चेंडू आत गेला नाही, तर किक पुन्हा, असं नियमात स्पष्ट होतं. म्हणजे कागदावर मिलानवाले बरोबर आहेत.

पण कागद आणि मैदान यांच्यात तेव्हा मोठी दरी होती. पंच, सहायक पंच सगळे समोर उभे असून तो नियम क्वचितच लावला जायचा. गोलीनं पाऊल-दीड पाऊल चोरायचं हे सगळ्यांनी धरून चाललेलं. आणि इथं मिलानवाल्यांनी विषय काढूच नये असं एक कारण आहे. दोनच वर्षांपूर्वी, २८ मे २००३ला, मँचेस्टरमध्ये युव्हेंटसविरुद्धची फायनल गोलशून्य राहून शूटआउटला गेली आणि मिलाननं ती ३-२ अशी जिंकली. त्यांच्या ब्राझिलियन गोलीनं तीन किक अडवल्या. त्या किकचं चित्रही कोणीतरी थांबवून पाहावं. दोन्ही बाजूंचे गोली त्या रात्री रेषेच्या पुढंच वावरत होते आणि तेव्हाही कोणी किक पुन्हा घ्यायला लावली नाही. जो गैरफायदा २००३ला चालला तो २००५ला एकाएकी गुन्हा कसा होतो, याचं उत्तर मला अजून कोणत्याही मिलानवाल्यानं दिलेलं नाही.

नियमाची पुढची वाटचाल बघितली तर हा वाद पंचाच्या चुकीपेक्षा मोठा होता हे दिसतं. व्हिडिओ पंच आले, आणि गोलीचं पाऊल कुठं आहे हे इंचात मोजता येऊ लागलं. मग लक्षात आलं की जुना नियम जसाच्या तसा लावला तर जवळजवळ प्रत्येक अडवलेली किक पुन्हा घ्यावी लागेल. म्हणून २०१९मध्ये नियम सैल केला: किकच्या क्षणी निदान एका पायाचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या सरळ वर असला की पुरे. त्याच उन्हाळ्यात महिलांच्या विश्वचषकात या मोजमापामुळे किक पुन्हा घ्यायला लावल्या गेल्या, गोलींना पिवळी कार्डं मिळू लागली, आणि शूटआउटमध्ये कार्ड दाखवण्याची तरतूद स्पर्धा चालू असतानाच स्थगित करावी लागली. पुढच्या वर्षी पहिल्या चुकीला फक्त ताकीद, असं ठरलं. आजच्या नियमातही आमच्या गोलीनं अडवलेली ती दुसरी किक पुन्हा घ्यावी लागली असती. पण आज तो तसा पुढंही आला नसता.

याला जोडूनच पाय लटपटवण्याचा मुद्दा येतो. रेषेवर उभं राहून गुडघे वाकडेतिकडे करत मारणाऱ्याचं लक्ष उडवायचं, ही युक्ती १९८४च्या रोमच्या फायनलमध्ये लिव्हरपूलच्याच गोलीनं केली होती आणि ती शूटआउटही संघानं जिंकली होती. इस्तंबूलमध्ये आमच्या एका बचावपटूनं ती आठवण गोलीला करून दिली. २०२३पासून गोलीनं मारणाऱ्याचं लक्ष गैरमार्गानं विचलित करायचं नाही, असं नियमात आलं. वेळ काढणं, खांब किंवा जाळीला हात लावणं अशी उदाहरणं तिथं दिली आहेत, गुडघ्यांचा उल्लेख नाही. तेव्हा त्यावर दोन्ही बाजूंनी हवं ते बोलता येतं आणि बोललं जातं.

त्या सामन्यातले बाकीचे वाद या मानानं किरकोळ. मिलानच्या दुसऱ्या गोलाच्या आधी त्यांच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला होता का, आणि आमच्या तिसऱ्या गोलाच्या पेनल्टीला लाल कार्ड हवं होतं का, यावर लोक बोलतात, पण तासभर कोणी भांडत नाही.

कप जिंकूनही पुढच्या मोसमात त्याच स्पर्धेत प्रवेशच नाही, हा घोळ मात्र नव्या पोरांना सांगावा लागतो. इंग्लिश लीगमध्ये संघ पाचवा आला होता, शेजारचा एव्हर्टन चौथा. पहिले चारच पाठवायचे हे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचं आधीच ठरलेलं. शेवटी जूनमध्ये युरोपच्या संघटनेनं खास बाब म्हणून विजेत्याला घेतलं, पण पहिल्या पात्रता फेरीपासून. त्यामुळे युरोपचा विजेता जुलैमध्ये वेल्सच्या एका छोट्या क्लबशी खेळत होता आणि दोन्ही वेळा ३-० जिंकला. मग नियमच बदलला, विजेत्याची जागा पक्की झाली. त्याचा फटका २०१२मध्ये टॉटनहॅमला बसला: चौथे येऊनही बाहेर, कारण सहाव्या आलेल्या चेल्सीनं कप नेला.

मिलाननं २००७मध्ये अथेन्सला २-१नं परतफेड केली. ती आठवण लाल मंडळी काढत नाहीत, आणि टिपणात पूर्णतेसाठी एक ओळ पुरेशी आहे.

गेल्या काही वर्षांत गप्पांचा सूर बदलला तो ७ मे २०१९मुळे. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाकडून पहिला सामना ०-३ हरलेला, दोन बिनीचे खेळाडू बाहेर, आणि घरी, अ‍ॅनफिल्डच्या मैदानावर, ४-०. चौथा गोल कॉर्नर झटकन घेऊन केलेला, बचावफळी वळून बघायच्या आत. तोपर्यंत स्वस्त डेटा गावोगाव पोचला होता. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात पाणी द्यायला गेलेल्या पोरानंही बांधावर बसून तो सामना मोबाइलवर पाहिला असेल, आणि पाहिला असं सांगणारे भेटतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तुमचा इस्तंबूल तुम्ही निम्मा पाहिला, आमचा अ‍ॅनफिल्ड आम्ही पूर्ण पाहिला. शिवाय इस्तंबूलमध्ये मिलान तासभर सरस होतं आणि नशीब आमच्या बाजूनं होतं, २०१९ला मात्र समोरच्याला धूळ चारली. जुने लोक यावर फायनल ती फायनल, उपांत्य सामना तो उपांत्य सामना, एवढंच म्हणतात. खेळ म्हणून बघितलं तर पोरांचं बरोबर आहे. पण ०-३ला मध्यंतर होतं तेव्हा हातात उरलेली मिनिटं ४५ असतात, आणि दोन सामन्यांच्या लढतीत मध्ये सहा दिवस मिळतात. मी जुन्यांच्या बाजूला बसतो.

२०२०ला तीस वर्षांनी इंग्लिश लीग आली ती लॉकडाऊनमध्ये, गर्दी न करता साजरी झाली. पुढची लीग २०२५ला. तिचा कप उचलला गेला २५ मेलाच, इस्तंबूलला बरोबर वीस वर्षं होत असताना. त्या दिवशी आमच्याकडे दोन्ही पिढ्या एकत्र जमल्या आणि बोलणं लीगवरून सुरू होऊन अर्ध्या तासात गोलीच्या पावलावर आलं.

आता सामन्यांच्या वेळाही बदलत आहेत. २०२६ची चॅम्पियन्स लीगची बुडापेस्टची फायनल मध्य युरोपच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला ठेवायचं ठरलं, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. शूटआउट झालं तरी साडेबाराच्या आत निकाल, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाणाऱ्याची झोपही शाबूत.