सांधे (मानवी शरीरातील)

दोन किंवा अधिक हाडे जिथे एकमेकांना भिडतात ती जागा म्हणजे सांधा. सांधा म्हटला की तो हलणारच असे आपण धरून चालतो, पण कवटीचे सांधे मोठ्या माणसात जवळजवळ हलतच नाहीत. त्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या एकमेकींत अडकून बसलेल्या असतात. तान्ह्या बाळात मात्र त्या अजून जुळलेल्या नसतात, म्हणून जन्माच्या वेळी डोके थोडे दाबले जाऊन अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते. ज्या मऊ जागेवर आजी तेल थापते ती पुढची टाळू म्हणजे हीच न जुळलेली जागा. ती साधारण दीड वर्षाच्या आत-बाहेर भरते.

काही सांधे जेमतेम हलतात. मणक्यांच्या मधल्या चकत्या कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा ऊतीच्या असतात. दोन मणक्यांत हालचाल थोडीच होते, पण सगळ्या मणक्यांची मिळून एवढी होते की माणूस वाकून पायाचे अंगठे धरतो.

बाकीचे बहुतेक सांधे मोकळे हलणारे. त्यांत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती पिशवीसारखे आवरण असते आणि आत अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत द्रव. निरोगी गुडघ्यातही तो काही मिलिलिटरच भरतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण मुख्यतः या द्रवातूनच होते. झिजलेली कूर्चा सहजी भरून येत नाही, त्याचे एक कारण हेच.

हालचाल कशी होणार ते हाडांच्या टोकांचा आकार ठरवतो. खांदा आणि खुबा दोन्ही उखळी सांधे: गोल डोके आणि त्याला खोबण. खांद्याची खोबण उथळ, त्यामुळे हात जवळपास सगळीकडे फिरतो आणि तितक्याच सहज निखळतो. खुब्याची खोबण खोल. तो फिरतो कमी, पण अंगाचा भार पेलतो. बोटांची पेरे बिजागरीसारखी एकाच दिशेने मिटतात. अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे, म्हणून अंगठा बाकीच्या चारही बोटांना टेकतो आणि चिमूट धरता येते. मनगटातली लहान हाडे एकमेकांवर नुसती सरकतात. मान हलवून ‘नाही’ म्हणताना पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, तर ‘हो’ म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर डोलते.

कोपराला बिजागरी म्हणून सोडून देतात, ते पुरेसे नाही. कोपर अंगाला टेकवून तळहात वर करा आणि मग पालथा करा. दंड जागचा हलला नाही, तरी हात उलटला. या वेळी अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरके आडवे येते. किल्ली फिरवताना हीच खिळीची, म्हणजे खुंटीभोवती फिरल्यासारखी, हालचाल होते. कोपराच्या एकाच आवरणात बिजागरी आणि खिळी शेजारी नांदतात.

गुडघाही निव्वळ बिजागरी नाही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटी नडगीचे हाड किंचित बाहेर वळते आणि गुडघ्याला जणू कडी लागते, म्हणून फारसे बळ न लावता उभे राहता येते. गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ती कडी काढतो.

या नावांमागे जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत २१० संधी मोजले असून त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. काखेतल्या आणि जांघेतल्या सांध्याला तिथे ‘उलूखल’, म्हणजे उखळ, म्हटले आहे, आणि कवटीच्या सांध्यांना ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण. मात्र त्या मोजणीत हृदय आणि डोळ्यांच्या नाड्यांमधले संधीही येतात, त्यामुळे आजच्या यादीशी तिचा आकडा जुळवण्यात अर्थ नाही.

बोटे मोडताना जो कट्ट आवाज येतो तो हाडांचा नव्हे. सांधा ताणला की द्रवातला दाब उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी एमआरआयमध्ये बोट ओढून हे टिपले. तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटे थांबावे लागते. बोटे मोडल्याने संधिवात होतो असे घरोघरी सांगतात. अमेरिकन डॉक्टर डोनाल्ड उंगर यांनी सुमारे ६० वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. संधिवात दोन्हींपैकी एकाही हाताला झाला नाही. एकाच माणसावरचा हा प्रयोग पुरावा म्हणून तोकडा आहे, पण चिकाटीबद्दल त्यांना २००९ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे गमतीदार पारितोषिक, मिळाले.