रात्रीच्या पाळीपासून सौर वाहिनीपर्यंत

महाराष्ट्रात सध्या ग्रामीण वीज उपकेंद्रांच्या आसपास छोटे-मोठे सौरप्रकल्प उभे राहत आहेत. ते तिथेच का, आकाराने असे का, आणि त्यांची वीज कृषिपंपांच्या वाहिनीवरच (उपकेंद्रातून पंपांना वीज नेणाऱ्या फीडरवरच) का सोडली जाते, हे समजून घ्यायचं तर सुरुवात कृषिपंपाच्या वीजबिलापासून करावी लागते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशातल्या अनेक राज्यांप्रमाणे महाराष्ट्रातही कृषिपंपांना मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर (एचपी) बिल आकारायला सुरुवात झाली. पंप विखुरलेले, बिलं किरकोळ, मग दर महिन्याला रीडिंग घ्यायला माणूस कशाला पाठवायचा, हा त्यामागचा साधा हिशेब. पण त्यातून पंप किती तास चालला याची नोंदच उरली नाही. शेतीला गेलेली वीज अंदाजाने ठरू लागली आणि वीज मंडळाची गळती, चोरी, सगळं त्या अंदाजात झाकलं गेलं. शेतीचा दर खर्चाहून खूप कमी ठेवायचा, तूट उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून जादा दराने वसूल करायची आणि उरलेली राज्याच्या तिजोरीतून भरायची, ही पद्धत तेव्हापासून रुळली. २००३च्या वीज कायद्याने कलम ६५मध्ये सरकारला बजावलं की सवलत द्यायची तर तिची रक्कम आगाऊ भरा. वर्षभरातच, २००४च्या विधानसभा निवडणुकीआधी, राज्याने शेतीची वीज फुकट जाहीर केली आणि सत्ता टिकल्यावर २००५मध्ये ती सवलत मागेही घेतली.

या स्वस्त विजेची किंमत शेतकऱ्याने दुसऱ्या मार्गाने मोजली. ज्या ग्राहकाकडून पैसे कमी मिळतात त्याला वीज कधी द्यायची? जेव्हा इतरांची मागणी कमी असते तेव्हा, म्हणजे रात्री. भारनियमनाच्या काळात गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचं काम महावितरणने हाती घेतलं. गावात दिवे राहिले, पण शेताला पंपासाठी लागणारी थ्री फेज वीज पाळीने मिळू लागली. काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री उसाला दारं धरायला जायचं, पायाखाली साप-विंचू, जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याची धास्ती. ही पाळी धरायला बाया-माणसं पिढ्यानपिढ्या गेली आहेत. फेब्रुवारी २०२२मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले, तेव्हा मागणी वीज फुकट करा अशी नव्हती. दिवसा दहा तास वीज द्या, एवढीच होती.

दरम्यानच्या काळात दिल्लीतल्या धोरणांनी सौरविजेचा भाव पार पालटला होता. जानेवारी २०१०मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. २०१०-११साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने मान्य केलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. सरकारने तो दर सरळ देऊ केला नाही. कंपन्यांना त्याच्या खाली बोली लावायला लावलं आणि पहिल्याच फेरीत सरासरी १२ रुपयांच्या घरात आली. ही महाग वीज एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या स्वस्त कोळशाच्या विजेत मिसळून राज्यांना विकली गेली, म्हणून ती घ्यायला गिऱ्हाईक मिळालं. २०१५मध्ये २०२२पर्यंतचं उद्दिष्ट २० हजारांवरून एक लाख मेगावॉटवर नेलं. चीनमध्ये पॅनेल स्वस्त होत गेले आणि मे २०१७मध्ये राजस्थानातल्या भडला इथे बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. पुढे एप्रिल २०२२पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावून हाच बाजार सरकारने थोडा महागही केला, देशात कारखाने यावेत म्हणून.

भाव एवढा उतरल्यावर महाराष्ट्रातलं जुनं कोडं वेगळ्या नजरेने मांडता येऊ लागलं. शेतीची वाहिनी आधीच वेगळी आहे, तिच्यावरच्या पंपांना दिवसा वीज हवी आहे आणि सूर्यही दिवसाच तळपतो. मग उपकेंद्रालगत सौरप्रकल्प उभारून त्याची वीज तिथल्या तिथे का देऊ नये? पुण्यातला प्रयास ऊर्जा गट ही वीजधोरणाचा अभ्यास करणारी संस्था ही मांडणी चिकाटीने करत होती. भारनियमनाच्या गरजेपोटी केलेलं वाहिन्यांचं विलगीकरण दहा-बारा वर्षांनी असं कामी आलं, हा या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. तेव्हा ते करणाऱ्यांच्या मनात सौरऊर्जा असण्याचं कारणच नव्हतं.

जून २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे पहिले प्रयोग ठरले. पण योजना रेंगाळली. विकासकाने, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीने, एकेका उपकेंद्राजवळ जमीन शोधायची, सातबारा तपासायचा, वाहिनीची परवानगी मिळवायची आणि वर दराची मर्यादा आखडती. मोठ्या कंपन्यांना राजस्थानात एकाच जागी शेकडो मेगावॉट मिळत असताना त्या इथे दोन-चार मेगावॉटसाठी कशाला धडपडतील? त्यातून महावितरणचं बिल वेळेवर मिळेल का, ही शंका बँकांनाही होती.

२०२३मध्ये आलेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्याने नेमक्या याच अडचणींना हात घातला. जमीन शोधण्याचं काम सरकारी यंत्रणेने स्वतःकडे घेतलं. सरकारी पडीक जमिनी दिल्या आणि खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरवलं, दरवर्षी तीन टक्के वाढीने. कोरडवाहू, खडकाळ जमिनीच्या मालकाला हे उत्पन्न थोडं नव्हे. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख रुपये देण्याची तरतूद झाली. अनेक उपकेंद्रांचे गट करून मोठ्या निविदा काढल्या, त्यामुळे बड्या कंपन्यांना रस वाटला. शेतीत सौरऊर्जा आणण्यासाठीच्या केंद्राच्या २०१९च्या पीएम-कुसुम योजनेतून मेगावॉटमागे १ कोटी ५ लाखांपर्यंत मदत मिळू लागली. मार्च २०२४पर्यंत नऊ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेची देकारपत्रं (कंपन्यांना काम दिल्याची पत्रं) निघाली, तीही तीन रुपयांच्या आसपासच्या दराने. सप्टेंबर २०२४मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा पहिला प्रकल्प सुरू झाला. सरकारच्या हिशेबाप्रमाणे शेतापर्यंत पारंपरिक वीज पोचवायला युनिटमागे आठेक रुपये पडतात. तीन आणि आठ यांच्यातला हा फरक, हेच या बाजारपेठेचं खरं इंजिन.

वाहिनीबरोबर दुसरी वाटही होती, ती स्वतंत्र सौरपंपांची. २०२४च्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. जिथे तारा पोचल्या नाहीत तिथे हे वरदान आहे. मात्र वीजजोडणीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं यादीत राहिलेल्यांना सौरपंपाकडे वळवणं मला पटत नाही. खोल बोअरवाल्याला, किंवा ढगाळ दिवसात पिकाला पाणी तोडता येत नाही अशा बागायतदाराला साडेसात एचपीचा पंप पुरत नाही. बाजार वाढवायचा म्हणून निवड काढून घेणं योग्य नाही.

पाण्याचा प्रश्न तर धोरणाच्या कागदांत फार थोडा दिसतो. दिवसा भरवशाची आणि बिल नसलेली वीज मिळाल्यावर उपसा वाढणारच. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सौरपंपाची उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. पाणी कमी उपसलं तर पैसे जास्त मिळतात, हा हिशेब त्यांच्या हाती आला. आपल्या वाहिनी योजनेत शेतकऱ्याला असा काही लाभ नाही, आणि अनेक पंपांवर अजून मीटरही नाहीत.

एप्रिल २०२४पासून राज्याने साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांचं बिल माफ केलं. त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांची तरतूद धरली आहे. सौरवीज स्वस्त पडेल आणि हा भार हलका होईल, ही त्यामागची आशा. ही माफी मार्च २०२९पर्यंतची आहे आणि तीन वर्षांनी तिचा आढावा व्हायचा आहे. सौरप्रकल्पांशी झालेले वीजखरेदी करार मात्र पंचवीस वर्षांचे आहेत. २०२९नंतर त्या तीन रुपयांतला किती वाटा शेतकऱ्याने द्यायचा, हे अजून ठरलेलं नाही.