ब्रूस हॉब्स: सतराव्या वर्षी शिखर, अठराव्याच्या उंबरठ्यावर घात

महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे सपाट मैदानावर धावतात, त्यामुळे अडथळ्यांच्या शर्यतींचे जॉकी आपल्याला फारसे ठाऊक नसतात. त्यातही ब्रूस हॉब्स हे नाव इथे क्वचितच ऐकू येते. पण इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत सर्वांत लहान वयात जिंकण्याचा त्याचा १९३८ सालचा विक्रम आजही अबाधित आहे.

ब्रूसचा जन्म डिसेंबर १९२० मध्ये अमेरिकेत, लाँग आयलंडवर झाला. वडील रेग हॉब्स घोड्यांचे ट्रेनर. पुढे इंग्लंडमध्ये लँबोर्नला त्यांचा तबेला होता. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. याच तबेल्यात मॅरियन ड्यूपाँट स्कॉट यांनी अमेरिकेहून आपला घोडा बॅटलशिप पाठवला. मॅन ओ' वॉर या विख्यात घोड्याचा हा मुलगा, १९३४ ची अमेरिकन ग्रँड नॅशनल जिंकलेला, खच्ची न केलेला आणि चणीने अगदी लहान. खांद्यापाशी त्याची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, आणि त्यावर बसणारा ब्रूस सहा फुटांहून उंच!

लिव्हरपूलजवळच्या एनट्री मैदानावरची ही शर्यत साधारण सात किलोमीटरची, तीस उड्यांची. तिथल्या काही कुंपणांपलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खोल असते. उतरताना घोड्याचे तोंड खाली जाते आणि लगाम आखूड पडला तर स्वार मानेवरून पुढे ओढला जातो. एवढ्याशा घोड्याला हे झेपणार नाही, असे रेग यांचे ठाम मत होते. त्याला उतरवायचा आग्रह मालकिणीचा. तिचा शब्द मान्य केल्यावर मात्र त्यांनी लगाम सुमारे दीड फुटाने वाढवून घेतला, म्हणजे मुलाला उतरताना मागे रेलता यावे. या विजयाला नशिबाची मेहेरबानी म्हणणाऱ्यांनी हा लगाम आठवावा. नाखूश असूनही बापाने तयारीत कसूर ठेवली नव्हती.

२५ मार्च १९३८ ला छत्तीस घोडे सुटले. बॅटलशिपचा सट्ट्यातला भाव ४० ला १, म्हणजे तो जिंकेल अशी आशा फारच थोड्यांना. एका उडीनंतर ब्रूस खोगिरावरून जवळजवळ निसटलाच होता; शेजारून जाणाऱ्या फ्रेड रिमेलने हात घालून त्याला मागे ओढले. प्रतिस्पर्ध्याने भर शर्यतीत केलेली ही मदत मला त्या दिवसातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शेवटी बॅटलशिप आणि आयर्लंडचा रॉयल डॅनिएली मैदानाच्या दोन कडांनी धावत आले. तेव्हा ब्रिटनमध्ये फोटो-फिनिश नव्हते. पंचाने नजरेनेच निकाल दिला: बॅटलशिप, घोड्याच्या डोक्याएवढ्या फरकाने. त्यानंतर खच्ची न केलेला एकही घोडा ही शर्यत जिंकलेला नाही.

त्याच वर्षी ब्रूसने वेल्श ग्रँड नॅशनलही जिंकली. मग डिसेंबरात, अठरावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, चेल्टनमला तो पडला आणि पाठीचा कणा मोडला. पाठोपाठ महायुद्ध आले. उमेदीची वर्षे सैन्यात गेली. उत्तर आफ्रिकेतल्या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

घोड्यांची संगत मात्र सुटली नाही. न्यूमार्केटच्या पॅलेस हाउस तबेल्यात ब्रूस हॉब्स ट्रेनर म्हणून नावारूपाला आले, तेही सपाट शर्यतींचे. त्यांनी तयार केलेल्या टिर्नाव्होसने १९८० साली आयरिश डर्बी जिंकली.